फोन ठेवलास म्हणून लिहितोय

चिऊ,

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. आई म्हणते तुम्हीच लावा, पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुलाही माहितीय, म्हणून टाइप करतोय. रात्रीचा दीड वाजलाय, पाऊस नुसता कोसळतोय, पडवीच्या पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा. शनिवारी तू ज्या होडीतून समुद्रात जाणार म्हणतेस त्या होडीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाहीये, आधीच सांगून ठेवतो.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला या गावाचं काय माहितीय, नुसते घाबरता." लागलं मला ते. मग चार रात्री बसून फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचं तुझं ते गाव, द्वार्नने, वाचून काढलं, फ्रेंच पानं मोबाईलवर मराठीत करून, त्यात अर्ध्या ठिकाणी काय म्हणायचंय तेच कळत नाही. नाव अजून तोंडात बसत नाही, शेजाऱ्यांना 'दारनाना' सांगतो, ते मान डोलावतात.

आधी वाटलं फ्रान्स म्हणजे कसं सगळं गुळगुळीत असेल. हे तर आपल्यासारखंच निघालं गो! तारलीवर, म्हणजे सार्डिन मासळीवर, उभं राहिलेलं गाव. रोमन लोकांच्या वेळेपासून तिथे मासे मिठात मुरवून त्याचा रस काढायचे, त्या दगडी टाक्या प्लोमारला अजून आहेत म्हणे. बघून ये एकदा. चालत जा, रस्त्याने. मग 1853 ला डब्यात मासे भरायचा पहिला कारखाना आला आणि त्यानंतर सगळं गावच डब्यात गेलं, पुरुष समुद्रात आणि बायका कारखान्यात. तारली पकडायला कॉड माशाची खारवलेली अंडी पाण्यात टाकायचे, ती पण नॉर्वेवरून विकत आणलेली, म्हणजे जाळं टाकायच्या आधीच गडी कर्जात. हे वाचलं आणि मला डिझेलची उधारी आठवली, तुझ्या बाळ्याकाकाची, ती वही अजून कपाटात आहे.

बायकांचं मात्र मी दोनदा वाचलं. पेन सार्दिन म्हणतात ना त्यांना, तारलीची डोकी. मासे आले की रात्र असो पहाट असो बोलावणं यायचं, कारण तारली थांबत नाही, दहा-बारा वर्षांच्या पोरीसुद्धा कामाला, जाग राहावी म्हणून सगळ्याजणी देवाची गाणी म्हणत काम करायच्या. पैसे हजार तारल्यांमागे. 1905 ला संप करून तासावर पगार घेतला. बेबीआत्याला मी हे फोन करून सांगितलं. ती कोळंबी सोलायला जायची त्या कंपनीत किलोवरच पैसे होते, पहाटे तीनला टेम्पो यायचा आणि बर्फाने बोटं अशी व्हायची की सकाळी तिला वेणी घालता यायची नाही, आईच घालायची. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आमचा तास कोणी मोजलान नाही रे." पुढे काहीच बोलली नाही.

आणि 1924 चा मोठा संप, तो तर तुला पाठच असेल तिथे राहून. तासाला 80 सेंटीम मिळायचे, बायका म्हणाल्या सव्वा फ्रँक पाहिजे, रस्त्यातून "पेम्प रेआल आ वो" ओरडत फिरायच्या, पाच रेआल, म्हणजे सव्वा फ्रँक, मिळालेच पाहिजेत म्हणून. 46 दिवस चालला. 1 जानेवारी 1925 ला मालकांनी आणलेल्या संपफोड्यांनी गावच्या मेयरलाच गोळी घातली, ल फ्लांशेक, कम्युनिस्ट होता, वाचला बिचारा. मग मालक नरमले. सव्वा नाही पण एक फ्रँक पदरात पडला, जादा तासाचे वेगळे. आणि त्याच वर्षी जोसेफिन पेंकाले नावाची कामगार बाई नगरपालिकेवर निवडून आली, जेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतच नव्हतं! निवड रद्द केली नंतर. बायकांना मताचा हक्क मिळायला 1944 उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्यात 1921 लाच थोड्या बायकांना तरी मिळाला होता. ही गोष्ट मी आईला सांगितली तर म्हणाली, तुमची मुलगी त्याच गावात बरोबर पोचली. मला हसू आलं, अभिमान पण वाटला, खोटं कशाला बोलू. डबे भरणाऱ्या बायकांच्या गावात माझी मुलगी पांढरा कोट घालून तेच मासे तपासते, हे मी स्टँडवर भेटेल त्याला सांगतो. जुने कंडक्टर आता मला बघून चहा सोडून उठतात.

पण मग ती ईसची गोष्ट वाचली आणि झोप उडाली.

तुझ्याच खाडीत बुडालंय म्हणतात ते शहर. राजा ग्रादलों, त्याची मुलगी दाहूत, समुद्र अडवायचा दरवाजा आणि किल्ली बापाच्या गळ्यात. मुलीने झोपेत किल्ली काढली, दरवाजा उघडला, सगळं पाण्याखाली. राजा तिला घोड्यावर मागे घेऊन पळतोय, लाटा पाठीशी, तेवढ्यात एक साधू सांगतो हिला ढकल तरच वाचशील. आणि हा ढकलतो! स्वतःच्या मुलीला! मला हा राजा बिलकुल आवडला नाही. लोकांनी दोष पण सगळा तिलाच दिला. मी असतो तर घोडा बुडाला असता दोघांना घेऊन, पण हात सोडला नसता. हे सांगायचं नव्हतं खरं तर, रात्र झाली की मी असा वाहवत जातो.

आता होडीचं. बोलणार नव्हतो, माहितीय. पण शिडाची होडी आहे, इंजिन आहे की नाही ते तू सांगितलं नाहीस, बरोबरची मुलं कोण, त्यांच्यात समुद्रावर वाढलेलं कोण आहे का, की सगळी सुट्टीवर आलेली? तिथली भरती-ओहोटी आपल्याकडच्या दुपटीहून जास्त असते हे मी बघितलंय. त्या त्रिस्तां बेटावर मोठ्या ओहोटीला चालत जाता येतं असंही वाचलं, आणि मला लगेच दिसलं की तू चपला हातात घेऊन निघालीस आणि मागून पाणी येतंय. गावाचं नावच म्हणे त्या बेटावरून पडलंय, बेटाची जमीन. असू दे. लांबून बघ. जायचंच असेल तर गावातल्या म्हाताऱ्या खलाशाला विचारून जा, वारा कुठला आहे ते विचार, लाइफ जॅकेट बांध, नुसतं अडकवू नकोस, पोटाशी घट्ट बांध, आणि आकाश पश्चिमेला काळं दिसलं की

बघ. सुरू झालं परत. सॉरी.

तू दहा वर्षांची होतीस त्या नोव्हेंबरात. 11 तारखेला फयान वादळ आलं आणि पुढचे सहा दिवस तू माझ्याबरोबर जेट्टीवर येऊन बसायचीस, शाळेचा डबा तिथेच खायचीस, प्रत्येक बोट दिसली की विचारायचीस काका का? मी म्हणायचो नाही गो, दुसरी. सातव्या दिवशी तू विचारणं बंद केलंस. मी त्यानंतर पाण्यात पाय घातलेला नाही, तू मात्र पोहायला शिकलीस, मला न सांगता, शिंद्यांच्या विहिरीत. कळलं होतं मला. ओले केस कोणाला कळत नाहीत? काही बोललो नाही कारण मनातून बरं वाटलं होतं.

इथे 1 जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढून ताडपत्री टाकलीय, आणि तुझ्याकडे आता कुठे तारलीचा सीझन सुरू. गंमत आहे. तो लोण्याचा केक खाल्लास का, क्विन-अमान, तिथल्याच बेकरीत 1860 च्या सुमाराला झाला म्हणतात. फोटोत आपल्या खाजासारखा दिसतो पण तूप सुटलेला.

आणि एक, स्टेथोस्कोप शोधून काढणारा डॉक्टर लाएनेक प्लोआरेला वारला, 1826 मध्ये, तिथेच पुरलाय, आता तो भाग तुमच्याच गावात येतो. मंगळवारी डॉक्टरांनी मला नळी लावली तेव्हा हेच त्यांना सांगत बसलो, ते म्हणाले काका, श्वास घ्या, बोलू नका. काही विशेष नाही, गोळी बदललीय फक्त. आई तिखटमीठ लावून सांगेल, लक्ष देऊ नकोस.

शनिवारी जाणारच आहेस, तुझा स्वभाव मला माहितीय, माझ्यावरच गेलाय. तर निघताना एक मेसेज टाक आणि परत आल्यावर एक. "आले" एवढंच लिही, बाकी काही नको. तुमच्याकडे संध्याकाळचे आठ म्हणजे इथे साडेअकरा, मी जागाच असतो. होडीचं नाव काय आहे ते पण कळव.

बाबा

कुळीथ पीठ आणि कोकमं आईने पॅक केलीयत, पार्सल सोमवारी टाकतो.