इंजिनावरचा आकडा

नोव्हाय, मिशिगन

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करकरून पाहिले. ओहायोतल्या शेतावरच्या कोठारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली 1968 ची पाँटियाक जीटीओ तुझ्या हाती लागली, याचा मला मनापासून आनंद झालाय. दुरुस्त करून विकायची म्हणतेस, तर जरूर कर. फक्त रंग-पॉलिशच्या आधी कागदपत्रांच्या मागे लाग.

डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा गाडीचा नंबर 24237 ने सुरू होतो, असं तू लिहिलंस. पहिला 2 पाँटियाकचा, मधले 42 जीटीओचे आणि 37 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे खिडक्यांमध्ये खांब नसलेली. ही जमेची बाजू. 1964 आणि 1965 मध्ये जीटीओ हे पाँटियाकच्याच टेम्पेस्ट ल मान्स गाडीवर मिळणारं नुसतं पॅकेज होतं. त्या गाड्यांत नंबरवरून काहीच कळत नाही, म्हणून साध्या ल मान्सला बिल्ले चिकटवून ‘जीटीओ’ म्हणून खपवणारे भेटतात. तरी तू पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागव. जनरल मोटर्सने पाँटियाक हे नावच 2010 मध्ये बंद केलं, पण त्या नोंदी या सर्व्हिसेसवाल्यांनी जपल्यात. गाडीत मुळात काय काय बसवलं होतं, ते त्यात सापडेल. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात जो हिरवा रंग दिसतोय, तो मला व्हर्डोरो ग्रीन वाटतो. त्याचीही खात्री होईल.

आता इंजिनाचं. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर, टायमिंग कव्हरजवळ कोरलेला आकडा गाडीच्या नंबराशी जुळत नाही, म्हणजे इंजिन मूळचं नाही, आणि वर्कशॉपवाला म्हणतो, ‘घासून नवा आकडा मारून देतो, भाव वाढेल.’ त्याला स्पष्ट नाही म्हण, आणि जमलं तर इंजिन त्याच्याकडून उचल. घेणारा त्या आकड्यापायी हजारो डॉलर जास्त मोजतो. ते पैसे खोट्यावर घेतलेले ठरतील. शिवाय हे लपतही नाही. डिस्ट्रिब्युटरजवळ ब्लॉक ओतल्याची तारीख असते: आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, शेवटी वर्षाचा एक आकडा. गाडी मार्चमध्ये बनलेली आणि ब्लॉक जुलैत ओतलेला निघाला, तर जाणकार माणूस तिथेच पाठ फिरवेल. डॅशबोर्डवरच्या पट्टीला तर कुणालाही हात लावू देऊ नकोस. तो नंबर बदलणं हा सरळ गुन्हा आहे.

आत्ता आहे ते इंजिनही 400 क्यूबिक इंचाचं पाँटियाकचंच आहे, मग बिघडलं काय? जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिही, ‘इंजिन नंतर बदललेलं’. भाव कमी येईल, येऊ दे. रविवारी हौसेने डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर गाडी काढणाऱ्याला ती आवडेलच.

इंजिन एकदम स्टार्टरवर घेऊ नकोस. जुनं पेट्रोल काढून टाक, टाकी आणि नळ्या स्वच्छ कर. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, दोन दिवस मुरू दे, मग क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून हातानेच फिरवून बघ. अडलं तर जोर लावू नकोस.

गंज मला जास्त सतावतोय. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते या गाड्यांना आतून खातं. मागच्या काचेखाली पाणी साचून डिकीचा तळ सडतो, तिथे टोचून बघ. मागच्या चाकांच्या कमानींवर लोहचुंबक फिरव. जिथे चिकटणार नाही, तिथे पुटी भरलेली आहे. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, वर पुटी थापायची नाही. कापण्याआधी आणि वेल्ड झाल्यावर, दोन्ही वेळा फोटो काढ. ती फाइल घेणाऱ्याच्या हातात दे.

प्रदर्शनाच्या दर्जाचा रंग मात्र लावून घेऊ नकोस असं माझं मत आहे. तसल्या कामाचा खर्च विकून सहसा वसूल होत नाही, आणि मूळ इंजिन नसलेल्या गाडीला तो पेलणारही नाही. पुढचा एंड्युरा बंपर तेवढा सांभाळ. तो मऊ असतो, त्यावर साधा रंग तडकतो. रंगाऱ्याला लवचिक रंगच वापरायला सांग.

ब्रेकच्या रबरी नळ्या आणि व्हील सिलिंडर नवे घातल्याशिवाय गाडी गल्लीतसुद्धा चालवू नकोस. मूळ बिल आलं की लगेच फोटो पाठव, मीही वाचतो.

तुझे बाबा