चेऊलकर आणि चौलकर: आडनावाबद्दल मित्रास पत्र

मुंबई

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

मुलीच्या ऑफिसातला तो बेने इस्रायली (म्हणजे कोकणातला मराठी ज्यू) सहकारी चेऊलकर आणि तुम्ही चौलकर, तर आडनाव एकच का, आणि एकच असेल तर त्यांचं-तुमचं काही नातं लागतं का, असं तू विचारलंस. आडनाव एकच आहे. नातं बहुतेक नाही. मात्र तुमच्या आडनावाचा अर्थ पक्का करायचा झाला तर सगळ्यात चांगली साक्ष त्यांच्याच आडनावात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही आडनावं अलिबाग तालुक्यातल्या चौल गावावरून आली. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि त्याला लागून चौल. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता, हे ध्यानात ठेव, कारण जुन्या कागदांत रायगड जिल्हा शोधून काहीच हाती लागत नाही. गाव फार जुनं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत चेमुल येतं, शिलाहारांच्या ताम्रपटांत चेमुल्य. ग्रीक खलाशी त्याला सेमुल्ला म्हणत आणि अरब सैमूर. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसा चेमुलमधला मधला म सैल होऊन व झाला आणि पुढे तोही विरला: चेमुल, चेवुल, चेऊल, आणि शेवटी चौल. मराठ्यांच्या कागदपत्रांत चेऊल सर्रास सापडतं. पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकातच चाउल लिहीत होते. म्हणजे दोन्ही उच्चार बराच काळ शेजारी शेजारी नांदले. एका घराण्याच्या आडनावात एक गोठला, दुसऱ्याच्या आडनावात दुसरा.

हे सांगायचं कारण, तुमच्याकडे कुणीतरी सांगितलेली ती व्युत्पत्ती: चौल म्हणजे जावळ काढण्याचा संस्कार, तो करणारे ते चौलकर. ती सोडून दे. संस्काराचं चौल हे संस्कृत चूडेपासून आलेलं. त्यातून चेऊल हे रूप निघूच शकत नाही. आणि चेऊलकर हे आडनाव तर जिवंत आहे. बेने इस्रायलांनी जुना उच्चार टिकवला नसता तर ही शंका मिटवायला निव्वळ तर्काचा आधार उरला असता.

आता ‘कर’ लागतं कधी? गाव सोडल्यावर. गावात राहणाऱ्याला गावावरून ओळखण्यात अर्थ नसतो. तिथे धंद्यावरून, वतनावरून, वाडीवरून किंवा नुसत्या बापाच्या नावावरून ओळख असते. त्यामुळे चौलात जाऊन चौलकर शोधलेस तर सहसा निराशाच पदरी पडेल. ते मुंबईत, ठाण्यात, पनवेल-पेणकडे, अलिबागच्या इतर गावांत असायचे. तुमच्या आडनावातून एवढंच कळतं की एक पूर्वज चौलाहून उठला आणि दुसरीकडच्या लोकांनी त्याला तसं म्हणायला सुरुवात केली. तो कोणत्या जातीचा होता, हे त्यातून कळत नाही. एकाच गावातून ब्राह्मण, सोनार, भंडारी, विणकर असे कुणीही निघू शकत होते आणि प्रत्येकाला पुढच्या गावी ‘चौलकर’च म्हटलं जाणार होतं.

आणि चौलातून माणसं निघत राहिली. एके काळी घोड्यांचा, रेशमाचा, मलमलीचा व्यापार असलेलं हे बंदर. पोर्तुगीज आणि निजामशाही यांच्यात वाटलं गेलं, १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, तोवर खाडी गाळाने भरत चालली होती आणि व्यापार मुंबईकडे वळला होता. चौलचे विणकर तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईत आले. बंदर मेलं की आधी कारागीर जातात, मग त्यांच्यावर पोसलेले बाकीचे. अशा ठिकाणाहून निघालेल्या सगळ्या चौलकरांना एका मूळ पुरुषाला जोडणारी वंशावळ कुणी दाखवली, तर ती स्वीकारू नकोस.

बेने इस्रायलांचं तेच आहे, फक्त जास्त ठळक. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले आणि मग कुलाब्याच्या गावोगाव पसरले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे अष्टमकर. अशी शंभराहून जास्त आडनावं त्यांच्यात आहेत आणि जवळपास प्रत्येकामागे शोधता येईल असं गाव आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही समाजाच्या आडनावांचा नकाशा इतका स्वच्छ निघत नाही. त्यांच्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल हेही किहीमकरच. या आडनावांचा विषय काढला की त्यांच्या लिखाणापासून सुरुवात करावी लागते.

पण नकाशातही खड्डे आहेत. दिवेकर घे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. मराठीत त्यांना सामाजी हसाजी म्हणत. मशीद बंदरजवळची सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. आता दिवे म्हणजे कोणतं? श्रीवर्धनचं दिवेआगर, भिवंडीकडचं दिवे, पुरंदरचं घाटावरचं दिवे, की ठाण्याजवळचं दिवा? समाज कुलाब्याचा म्हणून दिवेआगराकडे कल जातो, पण हिंदू दिवेकराच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबता येणार नाही. नवगावकर आणि नागावकर ही दुसरी जोडी. दोन्ही गावं अलिबाग तालुक्यातच, आणि इंग्रजीत लिहिताना एखादं अक्षर गळलं की एक घराणं दुसऱ्यात जाऊन बसतं. चौल त्या मानाने सोपं, त्याला जुळं नाही.

त्या सहकाऱ्याच्या घराण्याची माहिती काढताना तुझ्या मुलीची एक अडचण होईल. बेने इस्रायलांच्या सरकारी कागदांत आडनाव पुष्कळदा नसतंच. स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि तेच आडनावाच्या रकान्यात. प्रसिद्ध अभिनेते डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर नुसतं डेव्हिड. असा माणूस कुठल्याही यादीत च या अक्षराखाली येणार नाही. कबरीच्या दगडावरही हीच गंमत: हिब्रू ओळीत ‘अमुक, तमुकचा मुलगा’ एवढंच, गावाचं आडनाव असलं तर ते बहुधा मराठी किंवा इंग्रजी ओळीत. म्हणून तिन्ही ओळींचे फोटो घ्यायला सांग. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन येतं, उदाहरणार्थ ५६४० म्हणजे १८८०. सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर आणखी एक वजा. दगडावर हजाराचा आकडा गाळून नुसतं ६४० कोरलेलं असतं, तेव्हा १२४० मिळवायचे. हे न कळल्यामुळे लोक शंभर-दोनशे वर्षांच्या चुका करतात.

संख्येचं विचारलंस. जनगणना आडनावाप्रमाणे आकडे छापत नाही, त्यामुळे ‘भारतात इतके चौलकर’ असं ठामपणे सांगणाऱ्या वेबसाइटी कशावरून सांगतात ते आधी पाहा. बेने इस्रायलांपुरता एक वरचा अंदाज बांधता येतो. २०११ च्या जनगणनेत देशात सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास ज्यू होते, निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात, आणि त्यातले बरेच ठाणे-मुंबईत. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं. शंभराहून जास्त आडनावांत एवढी माणसं वाटली तर भारतातले चेऊलकर मूठभरच असणार. बाकीचे १९४८ नंतर इस्रायलला गेले: अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना. तिथे नाव हिब्रूत लिहिताना स्वरचिन्हं सहसा देत नाहीत, आणि ‘च’ दाखवायला त्सादी या अक्षरापुढे एक अपॉस्ट्रॉफीसारखी खूण करावी लागते. खूण राहिली की चेऊलकरचा त्सेऊलकर होतो आणि स्वर नसल्यामुळे तेच अक्षर चावलकर, चौलकर, चेऊलकर असं कसंही वाचता येतं. त्यामुळे तिकडच्या माणसाला मराठीतलंच नाव विचारायचं. जुन्या पिढीला ते येतं. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे.

चौलकरांची मोजदाद करायची असेल तर दोन साधनं. एक, मुंबईच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. आडनावाच्या क्रमाने लावलेल्या, त्यामुळे काम अर्ध्या तासाचं. पण फोन परवडणाऱ्यांचीच ती गणती. दोन, मतदार याद्या. त्या पत्त्यांच्या क्रमाने असतात आणि बऱ्याच पीडीएफ निव्वळ चित्रं असल्याने शोधखिडकीत नाव घालून काही मिळत नाही, डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. मुंबईचे ३६ विधानसभा मतदारसंघ एकट्याने वाचणं होणार नाही. अलिबाग, पेण, उरण, पनवेल आणि मुंबईत गिरगाव ते दादर एवढं आधी घे. माणसं मोजू नकोस, घरं मोज, कारण लग्न होऊन आलेल्या बायका आडनाव धरतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुली सोडतात; माणसं मोजली तर घराण्यापेक्षा लग्नांचाच हिशेब हाती येतो. चऊलकर, चवलकर हे लेखनभेद वेगळ्या रकान्यात टिपून ठेव. चोळकर मात्र त्यात मिसळू नकोस, ते निराळं आडनाव आहे.

तुमच्या घराण्याचा माग काढायचा तर घरापासून सुरुवात कर. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी लग्नपत्रिका, खरेदीखत: यांत आडनाव कोणत्या रूपात आहे ते बघ. कुलदैवत आणि गोत्र लिहून काढ. कुलदैवत चौल-रेवदंड्याच्या पंचक्रोशीतलं असेल तर मोठाच धागा. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या वह्या गाव, जात आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात, म्हणून जाताना निदान तीन पिढ्यांची नावं घे, आणि आधी चौल म्हण, नाही मिळालं तर चेऊल, मग रेवदंडा. पूर्वज तीर्थाला आल्याची सही किंवा लेख मिळाला तर त्यात बरोबरच्या भावांची नावं असतात, आणि शाखा कुठे फुटल्या ते तिथे कळतं. या वह्यांइतकं मोलाचं दुसरं साधन नाही. तिथे घाई करू नकोस, आणि फोटो काढायच्या आधी विचार.

जमिनीच्या कागदांना त्यानंतर हात घाल. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून आडनावाने सातबारा शोधता येतो, पण तो आजच्या मालकाचा. मागे जायला फेरफार आणि जुनी हक्कनोंद लागते, ती तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात. एकोणिसाव्या शतकात शिरलास की आडनाव गायब होतं. तिथे ‘गणू बिन रामजी’ एवढंच. बिन म्हणजे त्याचा मुलगा. ही नावं वहीतल्या पिढ्यांशी जुळली तरच पुढे जा. नुसतं गणू सापडलं म्हणून तो आपला पणजोबा धरणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि एकदा ती झाली की वरच्या सगळ्या पिढ्या परक्या घरच्या लागतात.

हे कागद मोडी लिपीत असतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, तेव्हा चेउल की चेऊल यावर वाद घालायचा नाही. तारीख शके असेल तर ७८ मिळव, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९. शुहूर सन (मराठ्यांच्या कागदांतली जुनी कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. त्या खात्याकडून मोडीचं शिक्षणही मिळतं. मोडीवाचक गाठ, पण आडनाव आधी सांगू नकोस. सांगितलंस की त्याला ते अक्षरांत दिसायला लागतं. कुलाबा आणि जंजिऱ्याचं १८८३ चं गॅझेटियर टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत बघायला मिळेल. त्यात चौलचा इतिहास भरपूर आहे, बेने इस्रायलांवरही आहे, घराण्यांचं मात्र काही नाही.

एक वाट अशीही निघू शकते की पणजोबांचं आडनाव मुळात दुसरंच होतं आणि मुंबईत शाळेत घालताना मास्तरांनी गाव विचारून चौलकर लावलं. अशा वेळी शाळेचा जनरल रजिस्टर सगळ्यात बोलका. पुढे अधिकृतपणे नाव बदललं असेल तर त्याची जाहिरात सरकारी राजपत्रात येते. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडे चौकशी करता येईल, फक्त अंदाजे वर्ष हवं.

पणजोबांच्या दाखल्याचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. मागच्या बाजूला शेरे असतात. आणि मुलीला सांग, त्या चेऊलकरांच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारायचं, गावाला ते चौल म्हणतात की चेऊल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत