नळी किती रुंद? टेंडरआधी एक पावसाळा द्या

मा. मंत्री महोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते. गेल्या आषाढात पोरांना घेऊन एका गावाच्या फिल्टर प्लांटवर गेले होते. निवळण टाकीत वाकून पाहिलं, तर मधाच्या पोळ्यासारख्या रचलेल्या तिरक्या नळ्यांतून, दूध नासावं तशा, तुरटीनं बांधलेल्या गाळाच्या करड्या गुठळ्या वर येत होत्या आणि थेट फिल्टरकडे निघाल्या होत्या. "मॅडम, तुरटी वाढवून बघितली, कमी करून बघितली. आता दिवसाला चार-चार बॅकवॉश मारतोय," ऑपरेटर म्हणाला. बॅकवॉश म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, म्हणजे गाळलेलं पाणी परत नाल्यात. नळीचा हाच व्यास का, असं विचारलं तर उत्तर आलं, "मागच्या टेंडरला हाच होता."

गाळ बसायला टाकीची खोली नाही, पसरट जागा लागते, हे अमेरिकी अभियंता हेझननं 1904 सालीच मांडलंय. तिरकी नळी तीच जागा करून देते: कणाला तळ गाठावा लागत नाही, चार-पाच सेंटिमीटरवर भिंत मिळते आणि 60 अंशांच्या उतारावरून गाळ आपोआप खाली घसरतो. मग नळी जितकी अरुंद तितकी बरी? इथंच गोम आहे. अरुंद नळीत भिंतीपासून जरा सरकलं की पाण्याचा वेग एकदम वाढतो. खाली घसरणारी गुठळी मग गडगडत उलटी वर जाते. ती घसरेल की गडगडेल, हे तिच्या आकारावर आणि वजनावर, म्हणजे नदीच्या मातीवर आणि तुरटीवर ठरतं. गोदाकाठची काळी माती आणि कोकणातली तांबडी माती सारखीच वागेल, असं कशावरून धरायचं?

हे तपासायला प्रयोगशाळा बांधावी लागत नाही. 2.5, 4 आणि 5 सेंटिमीटर व्यासाच्या पारदर्शक नळ्या घ्यायच्या; लांबी अनुक्रमे 60, 96 आणि 120 सेंटिमीटर. लांबी व्यासाच्या 24 पट आणि पाण्याचा वेग एकच ठेवला, की कागदावर तिघींतून सारखंच नितळ पाणी निघायला हवं. (वेग सारखा म्हणजे प्रवाह सारखा नव्हे, 5 सेंटिमीटरच्या नळीतून 2.5च्या चौपट पाणी सोडावं लागतं. पोरं इथं हमखास चुकतात.) तुरटी घातलेलं तेच पाणी, त्याच वेळी तिन्ही नळ्यांना द्यायचं, कारण पुराचं पाणी तासातासाला बदलतं. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेग धरला तर लांब नळी एकदा भरून वाहायलाच वीस मिनिटं जातात. म्हणून तासभर थांबून मगच नमुना घ्यायचा. कागद एक म्हणतो आणि बारीक नळी गढूळ पाणी देते, असं दिसलं की चोर सापडला. आपल्या मानकात फिल्टरनंतरच्या, पिण्याच्या पाण्याला 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) गढूळपणा चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर 5.

आपल्याकडे हे नवं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला 1970च्या दशकातच अशा नळ्या बसवून स्वस्तातलं केंद्र उभं राहिलं होतं, अभियंता कर्डिले यांच्या खटपटीतून.

मागणी एवढीच: नव्या केंद्राच्या टेंडरमध्ये व्यास छापण्याआधी त्याच नदीच्या पाण्यावर ही चाचणी सक्तीची करा आणि जवळच्या तंत्रनिकेतनाला केंद्रावर एक कोपरा द्या. परवानगी मेअखेर हातात पडावी. दिवाळीत मिळाली तर नदी नितळ असते, तपासायला काही उरत नाही.

आपली,
स्थापत्य विभागातील एक अधिव्याख्याती