वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत आमच्यासोबत आलेल्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

अमेरिकेतल्या हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत आपण माझ्या वडिलांसाठी आणि माझ्यासाठी एक अख्खा दिवस खर्ची घातलात, त्याबद्दलचे हे आभारपत्र मी मुद्दाम सर्वांसमक्ष लिहीत आहे. संचलनाचे मैदान आणि नदीचे वळण पाहून, छायाचित्रे काढून परतणाऱ्या मराठी पाहुण्यांना दफनभूमीपर्यंत नेणारे कोणी भेटतेच असे नाही, आणि आपण भेटला नसतात तर आम्हीही तसेच परतलो असतो. खरे तर त्याआधी एकदा पुरेशी कागदपत्रे नसल्यामुळे आम्हाला प्रवेशद्वारावरूनच माघारी फिरावे लागले होते. आपली लेक याच अकादमीची पदवीधर असल्याने तिथल्या रीती आपल्याला ठाऊक होत्या; पासपोर्टपासून परवानगीपर्यंत सारे आपण आधीच मार्गी लावलेत, आणि बाबांचे गुडघे दुखतात हे कळल्यावर चढ टाळून जाणारी वाटही शोधून ठेवलीत.

बाबा निवृत्त सुभेदार आहेत हे आपल्याला माहीत होते, म्हणूनच बहुधा आपण आरंभ इमारतींपासून न करता ट्रॉफी पॉइंटवरच्या साखळीपासून केलात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची जहाजे हडसनमधून वर येऊ नयेत म्हणून १७७८ साली वेस्ट पॉइंटपासून कॉन्स्टिट्यूशन बेटापर्यंत लाकडी ओंडक्यांच्या तराफ्यांवर तरंगत ठेवलेल्या त्या लोखंडी साखळीच्या १३ कड्या तिथे जपून ठेवल्या आहेत. कडी सुमारे दोन फूट लांब आणि वजनाला पन्नास किलोंच्या आसपास. बाबांनी एका कडीवर तळहात ठेवला आणि हिवाळ्यात नदी गोठली की हिचे काय करत, असे विचारले. दर हिवाळ्याआधी ती ओढून काठावर घेत आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडत, हे आपण सांगितलेत, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला, कारण साखळी घडवण्याइतकेच ती वर्षानुवर्षे सांभाळण्याचे काम कष्टाचे असते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शत्रूने ती तोडण्याचा प्रयत्न एकदाही केला नाही. १८०२ साली स्थापन झालेल्या अकादमीच्याही आधीची ही तिथल्या लष्करी ठाण्याची हकीकत आपण नकाशा न उघडता, नदीच्या वळणाकडे बोट दाखवून सांगितलीत.

दफनभूमीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या कॅडेट चॅपलमधली, म्हणजे छात्रांच्या प्रार्थनागृहातली, ती पंधरा मिनिटे मी विसरणार नाही. १८३६ साली बांधलेली ती वास्तू पुढे एकेक दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभारली, हे मी वाचले होते. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांविषयी मात्र मला काहीच ठाऊक नव्हते. स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतींच्या नावांच्या त्या ओळीत एका पाटीवर केवळ हुद्दा आणि १७४० हे जन्मसाल आहे, नाव नाही. ती पाटी १७८० मध्ये वेस्ट पॉइंटच इंग्रजांच्या हवाली करू पाहणाऱ्या अमेरिकी सेनापती बेनेडिक्ट अरनॉल्डची. पाटी काढून टाकणे सोपे होते. तिची जागा ठेवून नाव तेवढे गाळणे ही शिक्षा मला कितीतरी अधिक कठोर वाटली.

चॅपलशेजारच्या मार्गारेट कॉर्बिनच्या स्मारकापाशी आपण सर्वांत जास्त वेळ थांबलात, आणि ते योग्यच झाले. १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत पती तोफेजवळ पडल्यावर तिने ती तोफ चालवली, स्वतः गंभीर जखमी झाली, आणि १७७९ साली अमेरिकेच्या काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिसभेकडून, लष्करी निवृत्तिवेतन मिळवणारी पहिली स्त्री ठरली. १९२६ मध्ये तिचे म्हणून जे अवशेष इथे आणून पुरले होते, ते २०१६ मध्ये भिंतीच्या बांधकामात उघडे पडले आणि तपासणीअंती ते एका पुरुषाचे निघाले. खरी मार्गारेट कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. तरीही २०१८ मध्ये तिचे स्मारक पुन्हा समर्पित केले गेले. ज्या अकादमीने १९७६ पर्यंत मुलींना प्रवेश दिला नाही, त्या अकादमीच्या दफनभूमीत आपल्या मुलीने हा दगड पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती काय म्हणाली, तेही आपण आम्हाला सांगितलेत. ते तिचे आणि आपले बोलणे आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

नामांकितांच्या थडग्यांवरून आपण आम्हाला भरभर नेलेत: वर्गात शेवटच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला घोडदळाचा सेनानी कस्टर, अकादमीला शिस्त लावणारे अधीक्षक थेयर, पनामा कालव्याच्या बांधकामाचे प्रमुख अभियंते गोथल्स, अंतराळात चाललेले पहिले अमेरिकी एड व्हाइट. नंतर आपण नव्या थडग्यांच्या रांगांकडे वळलात आणि आपली पावले मंदावली. सेकंड लेफ्टनंट एमिली पेरेझ हिने २००५ साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या २३ व्या वर्षी, ती इराकमध्ये कामी आली. तिच्या दगडाला गवताची ओली पाती चिकटली होती. आपण खाली बसून रुमालाने ती पुसून काढलीत. दगडाच्या माथ्यावर कोणी येऊन गेल्याची खूण म्हणून ठेवलेली नाणी होती, ती मात्र आपण हलू दिली नाहीत. जिची मुलगी त्याच गणवेशात आहे अशा आईला त्या रांगेत परक्या माणसांना घेऊन जाणे किती जड गेले असेल, हे मला परत येताना गाडीत उमगले, आणि तेव्हा आपले आभार मानायला मला शब्द सुचले नाहीत.

आपण पुसत होतात तेव्हा आपली पाठ आमच्याकडे होती, म्हणून आपल्याला दिसले नसेल. बाबांनी काठी माझ्या हाती दिली, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. त्या दिवसभरात त्यांनी केलेला तो एकच सलाम.

आपल्या लेकीला बाबांचा आशीर्वाद कळवावा. ती सुट्टीवर येईल तेव्हा तिच्याशी बोलण्याची त्यांची फार इच्छा आहे.

आपली कृतज्ञ,
एका सुभेदाराची मुलगी