वोकिंगच्या माळावरची झाडं तोडली ते बरंच झालं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधले गोल्फ क्लब झाडं तोडत सुटलेत, असं चिडून लिहिलेलं एका वाचकाचं पत्र तुमच्या पेपरात वाचलं. मी इंग्लंडमधल्या वोकिंगला राहते, इथल्या गोल्फ कोर्सशेजारून रोज चालायला जाते, म्हणून लिहावंसं वाटलं.

हा क्लब 1893 चा, लंडनच्या बॅरिस्टर लोकांनी काढलेला. जमीन लंडन नेक्रोपोलिस कंपनीची, म्हणजे जिने जवळचं ब्रुकवुडचं कब्रस्तान उभं केलं तीच, आणि त्याच ब्रुकवुडला आपले जमशेटजी टाटा विसावलेत. तेव्हा चांगला गोल्फ समुद्रकाठच्या वाळूतच होतो असं मानायचे, पण इथे तशीच रेताड जमीन समुद्रापासून लांब मिळाली. पुढे स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो या मेंबर लोकांनी कोर्स बदलत नेला, रेल्वेलाइनजवळच्या चौथ्या होलला फेअरवेच्या, म्हणजे बॉल मारायच्या कापलेल्या हिरवळीच्या, बरोबर मध्ये बंकर म्हणजे वाळूचे खड्डे टाकले, म्हणजे बॉल सेफ मारायचा की रुळाकडच्या चिंचोळ्या पट्टीतून न्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पण मुद्दा झाडांचा. हा कोर्स आहे हेथवर. हेथ म्हणजे निकस वाळूचा माळ, त्यावर हेदरची जांभळी झुडपं. गुरं चरायची, लोक सरपणाला झुडपं न्यायचे, म्हणून तो उघडा राहिला. ते थांबलं आणि बर्च, पाइनची झाडं घुसली, पाला कुजून माती सुपीक झाली आणि सावलीत हेदर मेलं. ब्रिटनमधली सखल भागातली 80 टक्क्यांहून जास्त हेथ 1800 पासून अशी ना तशी गेलीय, काही नांगराखाली, काही घरांखाली, काही झाडांखाली.

म्हणून झाडं काढतात, वरचा कुजका थर खरवडतात, खत अजिबात घालत नाहीत. सुरुवातीला ती उघडी काळी जमीन बघून मलाही फार वाईट वाटलं होतं. पण हेदरचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं, खसखशीहून बारीक असतं ते, आणि एकदा वाकून बघितलं तर त्या वाळूत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके उगवलेले, कुणीही न पेरता! आता ऑगस्टमध्ये तोच तुकडा जांभळा असतो आणि मधमाश्यांचा आवाज वाटेवरून ऐकू येतो.

आपल्याकडेही माळरानाला पडीक म्हणून त्यावर झाडं लावतात, मग तिथल्या माळढोकाने आणि लांडग्याने जायचं कुठे? पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी कधी इकडे यावं, मी स्वतः घेऊन जाईन माळ दाखवायला.

आपली,
एक वाचक, वोकिंग, सरे