११ महिन्यांचा नोटरी कागद घरमालकाच्या कामाचा नाही

संपादक महोदय,

मी भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देण्याचं काम करते. नोंदणी व मुद्रांक विभागाने यासाठी अधिकृत सेवा पुरवठादार नेमलेले आहेत, त्यांतली मी एक. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घ्यायचं मशीन पिशवीत घालून लोकांच्या घरी जाते, मालक, भाडेकरू आणि साक्षीदारांचे फोटो-ठसे घेते आणि दस्त दुय्यम निबंधकांकडे ऑनलाइन सादर करते. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आधी घरं बदलण्याची घाई लागते, आणि मग दिवसभर फोनवर घरमालकांचा एकच प्रश्न येत राहतो : "मॅडम, अकरा महिन्यांचंच ॲग्रीमेंट आहे. नोटरी करून घेतलं तर चालेल ना?"

चालत नाही. महाराष्ट्रात तर नाहीच. हे आपल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

११ महिन्यांची ही समजूत आली कुठून तेही सांगते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून वर्षाच्या आतला करार करायचा आणि नोंदणी टाळायची, अशी पद्धत देशभर पडली. पण आपल्या राज्यात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ताबा मालकाकडेच ठेवून जागा वापरायची फक्त परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत ११ महिन्यांची असो किंवा ३ महिन्यांची. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एजंट हे सांगत नाही. कोऱ्या जागा भरायचा छापील फॉर्म देणारा स्टॅम्पपेपरवालाही सांगत नाही.

शिक्षेपेक्षा मोठा धोका त्याच कलमात पुढे लिहिला आहे. नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो.

एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले ते सगळं बिघडल्यावरच. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी कागद काढला. छापील मजकूर, गाळलेल्या जागा निळ्या पेनाने भरलेल्या, डिपॉझिटचा आकडा काळ्या शाईने गिरवून बदललेला आणि त्या बदलाशेजारी कुणाचीच सही नाही. खाली नोटरीचा गोल शिक्का मात्र ठसठशीत. भाडं दर महिन्याला रोखीत घेतलेलं, पावतीपुस्तक नाही, बँकेत नोंद नाही. भाडेकरूने पैसे देणं थांबवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की भाडं ठरलं होतं ते बरंच कमी, आणि आजवर जास्तीचे गेलेले पैसे पुढच्या महिन्यांत वळते करून घ्यायचं बोलणं झालं होतं. त्या गृहस्थांना हे ऐकून रडू कोसळलं. आपण खरं बोलतोय हे त्यांना दाखवता येत नव्हतं, कारण दाखवायला हातात काही नव्हतं. नोटरीचा शिक्का फार तर एवढं सांगतो, की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. नोंदणीची जागा तो घेऊ शकत नाही. मी त्यांना वकिलांकडे पाठवलं. मुदतीनंतरची नोंदणी करून झालेलं नुकसान भरून काढायचा मार्ग माझ्याकडे नव्हता.

बऱ्याच मालकांना वाटतं, नोंदणी केली की सरकारदरबारी भाडेकरूचं नाव लागतं आणि त्याला हक्क मिळतो. या भीतीला इतिहास आहे, म्हणून मी ती कधी उडवून लावत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे लायसन्सचे करार चालू होते आणि जे जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी तात्पुरती म्हणून खोली दिली होती, त्यांना ती परत मिळवणं अवघड होऊन बसलं. आई-वडिलांनी हे पाहिलं, मुलांना सांगितलं, आणि आजही कितीतरी घरं कुलूप लावून पडून आहेत. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हेही त्याच भीतीचं पिल्लू. परवानगीने, करार करून राहिलेल्या माणसाला मालकाची मालकी नाकारून प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे इतकी वर्षं ताबा आहे म्हणून जागा माझीच असा, दावा करता येत नाही.

१९९९ च्या कायद्याने मात्र घरमालकाच्या हातात कलम २४ दिलं आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली, की राहणाऱ्याने ताबा परत द्यायचा. न दिल्यास मालकाला दिवाणी न्यायालयातल्या लांबलचक दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची असते. त्याने तसं केलं नाही, तर अर्जातलं म्हणणं मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश निघू शकतो. मुदतीनंतर अडून राहिल्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. दुकान किंवा ऑफिससाठी दिलेल्या गाळ्याला ही वाट नाही, तिथे न्यायालयातच जावं लागतं, हेही मी आधीच सांगून ठेवते.

मी नोंदवलेल्या एका करारात मालक मुदत चालू असतानाच वारले. मुदत संपल्यावर भाडेकरू दुसरीकडे राहायला गेला, पण आपल्या भावाला घरात ठेवून गेला. भाऊ म्हणे, "माझा करार तुमच्या मिस्टरांशी तोंडी झाला होता." मालकांच्या पत्नीला वाटलं, करारावर आपलं नाव नाही, आपण कुठल्या तोंडाने जाणार? पण कलम २४ मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर जागेचा मालक होणारा वारसही 'मालक' म्हणून धरला आहे, आणि करारात लायसन्सी (लायसन्सवर राहणारा) म्हणून ज्याचं नाव नाही अशा माणसाचा कोणताही दावा सक्षम प्राधिकाऱ्याने ऐकायचा नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. त्यांना खेटे घालावे लागले, तारखाही पडल्या, पण नोंदवलेल्या कराराची आणि इंडेक्स टूची (नोंदणीचा सारांश देणाऱ्या सरकारी उताऱ्याची) प्रत त्यांच्या पिशवीत होती आणि घर त्यांना परत मिळालं.

आता दस्तात काय असावं, याबद्दल. वयस्कर मालकांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, मशीन पटकन घेत नाही. बोट ओल्या रुमालाने पुसायचं, दुसरं बोट ठेवायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. त्या वेळात मी दोघांनाही सगळा मसुदा मोठ्याने वाचून दाखवते. निम्म्या लोकांनी तो तोवर वाचलेला नसतो. आत राहणार कोण कोण, ही नावं बहुधा सुटलेली असतात. ती घालूनच घ्यावीत. मालकाचं नाव मालमत्तेच्या कागदाप्रमाणेच यावं, आणि जागा दोघांच्या नावावर असेल तर दोघांनीही अंगठा द्यावा. पंखे, गीझर, कपाटं, चाव्यांचे जोड यांची यादी दस्तालाच जोडावी आणि त्याच दिवशी खोल्यांचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवावेत. डिपॉझिट किती, कोणत्या तारखेला आणि कसं दिलं, त्यातून काय कापता येईल आणि उरलेलं कधी परत करायचं, हे आकड्यांसह लिहावं. "नुकसान झाल्यास योग्य ती कपात" या वाक्यावरून मी जितकी भांडणं पाहिली तितकी भाड्यावरून पाहिली नाहीत. भाडं आणि डिपॉझिट दोन्ही बँकेतूनच घ्यावं. भाडं थकल्यास किती दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल, दोन्ही बाजूंचा नोटीस काळ किती, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आहे की नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, वीजबिल कोण भरणार, हेही त्यात स्पष्ट हवं.

नुसतं वर 'लिव्ह अँड लायसन्स' असं शीर्षक देऊन भागत नाही. करार लायसन्सचा की भाडेपट्ट्याचा, हे दस्ताच्या गाभ्यावरून ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं आहे. जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी आहे, हे मजकुरातून दिसायला हवं. इंटरनेटवरून दुसऱ्या राज्यातला मसुदा उतरवून आणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तसं करू नका.

मुदत संपण्याआधी तारीख लिहून ठेवा. "चांगली माणसं आहेत, राहू दे" म्हणून जुन्या करारावरच भाडं घेत राहिलं, की नवा तोंडी करार झाला असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. दर वेळी नवा दस्त नोंदवावा. ६० महिन्यांपर्यंतचा करार एकदम करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं १० टक्के दराचं वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. एका महिन्याच्या भाड्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे वेगळं काम, नोंदणीने ते आपोआप होत नाही. पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. सोसायटीला करारप्रत द्यावी. बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागितलं, तर २००१ चा शासन आदेश दाखवावा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला घरमालकांशी स्पष्ट बोलायचं आहे. भाडं थकलं म्हणून पाणी तोडणं, मीटरचा फ्यूज काढणं, भाडेकरू बाहेर गेला असताना कुलूप बदलणं, हे करू नका. सबळ कारणाशिवाय आवश्यक सोयी तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार गुन्हा आहे. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतलेल्या माणसाला विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. तेव्हा मालकाची बाजू खरी असूनही त्याला आरोपी किंवा प्रतिवादी म्हणून उभं राहावं लागतं. आणि घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात. त्यांचं पाणी तोडून मिळालेला ताबा कुणालाही नको वाटायला हवा. चोख दस्त भाडेकरूलाही तितकाच सांभाळतो. डिपॉझिट परत मिळवताना त्याच्याही हातात तोच कागद असतो.

शासनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. नोंदणी झालेल्या प्रत्येक निवासी करारासोबत एक पान आपोआप छापून यावं, त्यावर कलम २४ आणि ५५ सोप्या मराठीत असावीत आणि त्या भागातल्या सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता असावा. आज तो पत्ता शोधण्यातच लोकांचे दिवस जातात. दुसरी मागणी सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवण्याची. झटपट निकालासाठी केलेल्या तरतुदीखाली तारखा पडत राहिल्या, तर घाबरलेला मालक पुन्हा घराला कुलूपच लावेल.

आपल्या दैनिकात 'घर भाड्याने देणे आहे' या जाहिराती येतात. त्या रकान्याच्या वर 'करार नोंदवणे मालकावर बंधनकारक' एवढी एक ओळ आपण रोज छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
भाडेकरार नोंदणीचं काम करणारी एक वाचक