मागं उभं राहणाऱ्यांची पण नावं घ्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सगळ्यात मोठा लोकगायक कोण यावर तुमच्या पत्रांच्या पानावर जी जुंपलीय ती मी गेले पंधरा दिवस रोज वाचतोय. कोण शाहीर साबळे म्हणतंय, कोण विठ्ठल उमप, कोण प्रल्हाद शिंदे, आणि आमच्या बार्शीवाल्यांनी अर्थातच अमर शेख लावून धरलेत, मी पण बार्शीचाच त्यामुळे माझं मत कुठं पडणार ते सांगायला नको. पण एवढ्या पत्रांत झीलकऱ्यांचा, म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून त्याची ओळ झेलणाऱ्या साथीदारांचा, विषय एकानंही काढला नाही, ते बघून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

माझे थोरले मामा एका पोवाड्याच्या पार्टीत वीसेक वर्षं तुणतुण्यावर होते. शाहिरानं डफावर थाप मारून ओळ टाकली की शेवटचा शब्द पुरता संपायच्या आत मामा आणि त्यांचा झांजवाला जोडीदार तो वरच्यावर झेलायचे, जी जी रं जी करत लांबवायचे, आणि तेवढ्या वेळात शाहीर दम घ्यायचा. लोक म्हणायचे काय छाती आहे शाहिराची, रात्रभर आवाज बसत नाही! अहो ती छाती तिघांची मिळून होती. तुणतुण्याची तार छेडताना मामांचे डोळे कायम शाहिराच्या मानेवर असायचे, मान जराशी मागं गेली की आता ओळ सुटणार हे त्यांना कळायचं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, मागं उभं राहून राहून आलेलं.

आता अण्णाभाऊ मोठे का अमर शेख मोठे, यावर तर पाच पत्रं आली. 1944 ला लाल बावटा कलापथक उभं केलं ते अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं भरायची ती काय एकट्याच्या नावावर? गव्हाणकरांचं नाव त्या पाचातल्या एकाही पत्रात नाही, याला काय म्हणायचं.

साबळेंचं जय जय महाराष्ट्र माझा 2023 पासून राज्यगीत झालं, शब्द राजा बढेंचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आणि आवाज शाहिरांचा हे सगळ्यांना पाठ आहे. पण एकदा नुसता मागचा कोरस कान देऊन ऐका, तो काढला तर अंगावर काटा येईल का सांगा.

वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांचं नाव एका ताईंनी घेतलं ते फार बरं केलं, 2012 ला पद्मश्री मिळालेली बाई. पण बैठकीच्या लावणीत बसून एकेका शब्दावर अदा करायची असते, तिची तुलना मैदानातल्या पोवाड्याशी करूच नये असं माझं मत आहे.

माझी विनंती एवढीच, हा वाद जरूर चालू ठेवा, पण ज्या वाचकांकडे जुन्या कार्यक्रमांची हँडबिलं, फोटो असतील त्यांनी त्यातल्या सुरत्यांची (मागं सूर धरणाऱ्यांची), ढोलकीवाल्यांची नावं पण पाठवावीत आणि तुम्ही ती छापावीत. गेल्या महिन्यात आमच्याकडं एक कार्यक्रम झाला, बॅनरवर शाहिराचा फोटो आठ फुटी आणि साथीदारांचं नाव एक पण नाही. मामा जाऊन नऊ वर्षं झाली, तुणतुणं अजून घरात खुंटीला आहे, त्याची तार गेलीय ती या आठवड्यात बसवून घेतो.

आपला,
एक जुना वाचक, बार्शी